निर्वासित राजाची खंत कशी ओळखावी

गेल्या रविवारी बडोद्यातल्या एका प्रदर्शनात बडोद्याचे पदच्युत महाराज मल्हारराव गायकवाडांच्या म्हणून लावलेल्या तैलचित्रापुढे चाळीस मिनिटं उभा होतो. चित्रावर ना सही, ना साल. तरी समजावून सांगणारे गृहस्थ ठाम होते: 'मद्रासच्या निर्वासनातला वृद्ध राजा.' मल्हारराव पन्नाशीच्या आसपास वारले. मी अठ्ठावन्नचा. असो. विद्या मिळाली, ती वाटतो.

आधी डोळ्यांत खंत शोधा. असतेच. व्हार्निश पिवळं पडलं असेल तर दुप्पट.

नजर बाजूला असेल तर ती बडोद्याकडे. समोर असेल तर नियतीकडे.

मागचा पडदा अर्धा उघडा? गादी हातची गेली! तसला पडदा आणि तसला खांब तेव्हा फोटो स्टुडिओत कारकुनाच्याही मागे असायचा, हे बोलून रंगाचा बेरंग करू नका.

इतिहासाच्या वाटेला तर जाऊच नका, फार अडचणीचा असतो. नोव्हेंबर 1874 मध्ये रेसिडेंट, म्हणजे बडोद्यातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात विष निघालं, सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड. सहा जणांचं चौकशी कमिशन बसलं. तिघा इंग्रजांना मल्हारराव दोषी वाटले. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव यांना आरोप शाबीत वाटेना. तीन विरुद्ध तीन! मग सरकारने गैरकारभाराचं कारण पुढे केलं, एप्रिल 1875 मध्ये गादीवरून काढलं आणि मद्रासला धाडलं. 1882 मध्ये ते तिथेच गेले. बरं, गादीवर येण्याआधी सख्ख्या भावाने, खंडेरावांनी, त्यांना बडोद्याजवळच्या पादरा गावी कैदेत ठेवलं होतं. मग चेहऱ्यावरचा थकवा कुठल्या कैदेचा, मद्रासच्या की पादऱ्याच्या? की चित्रकाराने तासन् तास बसवून ठेवलं त्याचा?

मी एवढंच विचारलं, "हे मद्रासचं कशावरून?" तर म्हणाले, "काका, चित्र फील करायचं असतं."

काय फील करायचं? चौकट उतरवून मागची बाजू तरी बघितलीत? पगडी कोणत्या घाटाची, कधी विचारलंत? कंठ्यातला एकेक मोती चित्रकाराने पांढऱ्या ठिपक्याने उजळलाय, शेवटचे दोन मात्र तसेच मातकट सोडलेत. का सोडले? तिकडे एकाचं लक्ष नाही! रयतेला पिळणाऱ्या राजावर अश्रू ढाळायचे तर घरी ढाळा, पण माहीत नाही ते माहीत असल्यासारखं पोरांना सांगू नका. आणि तुम्ही माना डोलावणारे! चाळीस मिनिटं त्या गृहस्थांच्या तोंडाकडे बघत होता. चित्र तुमच्या पाठीमागे होतं.