लिफ्टपाशी काका उभे असतात आणि पृथ्वी सपाट असते

काल परत अडवलं मला. रात्रीचे पावणेनऊ, गाडीत चेपून निघालेलो, पिशवीतल्या मेथीचं पाणी बुटावर ठिबकतंय, आणि लिफ्टपाशी तिसऱ्या मजल्यावरचे काका. "काय रे, काढलास का पुरावा?"

पृथ्वी गोल असल्याचा पुरावा. मी काढायचा. मेथी हातात धरून.

२०२५च्या उन्हाळ्यापासून चाललंय हे. कुठला तरी व्हिडिओ बघितला आणि काकांना साक्षात्कार झाला की जमीन सपाट आहे, कडेने बर्फाची भिंत आहे आणि सूर्य वर कुठेतरी टॉर्चसारखा फिरतोय. बरं, माणूस अडाणी असता तर मी हसून सोडून दिलं असतं. पण हा माणूस आयुष्यभर बँकेत होता हो! तीन पैशांचा फरक लागेना म्हणून रात्री नऊपर्यंत लेजर उपसत बसल्याची गोष्ट यांनी मला वीस वेळा ऐकवलीये. हे तीन पैसे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

"पाणी नेहमी सपाट असतं. चल, तलावपाळीला दाखवतो." गेलो एका रविवारी ठाण्याच्या त्या तलावाकाठी. चूक माझीच. गडकरी रंगायतनच्या बाजूला उभे राहून काका पाण्याकडे हात करतात, "कुठाय तुझा फुगवटा?" अहो, अर्धा किलोमीटर पाणी धरलं तरी मधोमध फुगवटा येतो पाच मिलिमीटर. तांदळाचा दाणा! समोर पायडल मारत जाणाऱ्या पोरांच्या बोटीने त्याच्या दसपट लाट उठत होती. मी हे मोबाइलवर आकडेमोड करून दाखवलं. काका काय म्हणाले? "म्हणजे दिसत नाही, हे तूच कबूल केलंस."

डोकं फुटायची वेळ.

आणि हेच काका रोज सकाळी 'आपल्या पूर्वजांना सगळं आधीच ठाऊक होतं'चे मेसेज पाठवतात. ठीक आहे, पूर्वज काढू. आर्यभटाने ४९९ साली पृथ्वीगोलाला कदंबाच्या फुलाची उपमा दिली. चेंडूसारखं गोल फूल, सगळ्या बाजूंनी केसर, तसे पृथ्वीवर सगळीकडून जीव. भास्कराचार्यांनी ११५०च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त तर काकांचाच प्रश्न घेतलाय. परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो, पृथ्वी अवाढव्य आणि माणूस चिमुकला, म्हणून त्याला ती सपाट दिसते. संपलं! ज्यांच्या घराण्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटणला आहे, त्यांनी पावणेनऊशे वर्षांपूर्वी तलावपाळीचा निकाल लावून ठेवलाय. काका म्हणतात, "ते प्रतीकात्मक असेल." विमानं होती म्हणतात ते मात्र प्रतीकात्मक नाही हां.

तरी मी हट्टाला पेटलो. मेच्या मध्यावर ठाण्यात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. साडेबाराच्या सुमारास गच्चीवर टाकीशेजारी पाण्याची बाटली उभी केली, काकांना खुर्ची टाकून बसवलं, सरबतसुद्धा दिलं. सावली हळूहळू आक्रसत बाटलीच्या बुडाखाली गेली आणि नाहीशी झाली. त्याच दिवशी दिल्लीच्या मित्राला आणि हॅम्बुर्गच्या भाच्याला त्यांच्या त्यांच्या मध्यान्हीला सावली मोजायला लावलं होतं. दिल्लीत सूर्य डोक्यावरून सुमारे साडेनऊ अंश कललेला, हॅम्बुर्गला चौतीसच्या आसपास. दोन हजारांवर वर्षांपूर्वी इरॅटोस्थेनिस नावाच्या ग्रीक पंडिताने पृथ्वीचा परीघ काढायला इजिप्तमध्ये केलं ते हेच, फक्त त्याच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं.

आता काकांचं सगळं खरं मानलं. जमीन सपाट, सूर्य जवळ. दिल्लीच्या सावलीवरून तो निघतो साधारण ६,३०० किलोमीटर उंच. हॅम्बुर्गच्या सावलीवरून ५,६००. एकच दिवस, एकच सूर्य, आणि सातशे किलोमीटरची तफावत! तेच गोल धरा, दोन्हीकडून परीघ चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास येतो. कागद काकांच्या मांडीवर ठेवला. तीन पैशांसाठी रात्री नऊपर्यंत बसणारा हा माणूस सातशे किलोमीटरकडे बघून म्हणाला, "मोजण्यात चूक असेल." आणि सरबत संपवून खाली गेला.

मला इथे चीड येते. सपाट मानतात म्हणून नाही, माना हो, जिलबीच्या आकाराची माना. पण मी आणलेल्या प्रत्येक गोष्टीला "तू स्वतः पाहिलंस का?" आणि व्हिडिओतल्या टोपीवाल्या गोऱ्याला एकही प्रश्न नाही, हा कुठला न्याय? मी सांगितलं, अंटार्क्टिकावर उन्हाळ्यात चोवीस तास सूर्य मावळत नाही, यांच्या नकाशात ते जमतच नाही. आपली मैत्री आणि भारती ही दोन केंद्रं आहेत तिथे. डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेतल्या एका पाद्र्याने सपाटवाल्यांनाच तिथे नेऊन दाखवलं, त्यातल्या एका नावाजलेल्याने कॅमेऱ्यासमोर मान्यही केलं की सूर्य चोवीस तास फिरतोय. "तू गेला होतास?" नाही गेलो! तुम्ही गेला होतात का बर्फाच्या भिंतीपाशी? तुम्ही तर घोडबंदरला जायचं म्हटलं तरी गुडघा धरता!

ग्रहणाचं तर विचारूच नका. ७ सप्टेंबर २०२५, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी खग्रास चंद्रग्रहण. काकांनी दुपारपासून वेध पाळलेले. पोटात अन्न नाही, काकूंनी पाण्यात तुळशीची पानं टाकलेली, रात्री ९.५७चा स्पर्श म्हणून आधीपासून घड्याळ लावून बसलेले. ते ९.५७ पंचांगवाल्याने कुठून आणलं, काका? पृथ्वी गोल धरून, तिची सावली चंद्रावर कधी पडते याचं गणित करून! ती सावली दर वेळी गोलच असते. ताटली असती तर कधी तरी, चंद्र क्षितिजापाशी असताना, लांबट पट्टी नको का दिसायला? गोल पृथ्वीच्या गोल सावलीपायी तुम्ही दिवसभर उपाशी बसलात आणि मला विचारता पुरावा कुठाय. त्यावर उत्तर काय आलं असेल? "राहू." घ्या! राहू नाही, सावली, हेही आर्यभटच सांगून गेलाय.

बायको म्हणते वाद घालू नको. मध्यंतरी वॉलेसबद्दल वाचलं आणि तिचं पटायला लागलं. आल्फ्रेड रसेल वॉलेस, डार्विनच्या तोडीचा माणूस. १८७०मध्ये हॅम्पडन नावाच्या सपाटवाल्याशी ५०० पौंडांची पैज लावून इंग्लंडमधल्या एका सरळसोट कालव्यावर त्याने पाण्याची वक्रता दाखवली. पंचांनी जिंकल्याचं जाहीर केलं. मग? हॅम्पडन कित्येक वर्षं त्याच्या हात धुऊन मागे लागला, त्याच्या बायकोला धमकीची पत्रं लिहिली, त्यापायी तुरुंगातही गेला. पण मानलं नाही ते नाहीच. माझी तर पैजही नाही. मला फक्त मेथी घरी न्यायची असते.

आज सकाळी साडेसातला सहाव्या मजल्यावरून उतरत होतो. लिफ्ट तिसऱ्यावर थांबली, काका आत आले, कानाला फोन. लेक न्यू जर्सीला असते. "झोप गं आता, दहा वाजले तुमच्याकडे. आणि हळू बोल, छोटी उठेल." फोन खिशात टाकला, माझ्याकडे वळले.

"हं, मग? काढलास का पुरावा?"

मी दार बंद व्हायच्या आत बाहेर पडलो आणि उरलेले जिने पायी उतरलो. आठ तीनची गेली ती गेलीच.