ट्रकची शाळा फुकट, मग सही कशावर?

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मी ट्रक चालवतो हे नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक असल्याने तो आतापर्यंत मला पाच जणांनी पाठवलाय. त्यातला मजकूर थोडक्यात असा: मोठ्या ट्रक कंपन्या आपल्याच शाळेत फुकट शिकवतात, तीन आठवड्यांत तुम्ही ड्रायव्हर, शाळा सगळ्या सरकारमान्य, तेव्हा कुठलीही धरा, पहिल्याच वर्षी लाख डॉलर, नाही जमलं तर सोडून द्या, आणि भारतात असाल तरी चिंता नको, कंपनी स्पॉन्सर करते.

मी स्वतः कंपनीच्याच शाळेतून सीडीएल, म्हणजे ट्रक चालवायचं व्यावसायिक लायसन्स, काढलं. गाठीला पैसे नव्हते, आणि आज घर त्यावरच चालतंय. त्यामुळे या शाळांशी माझं वैर नाही, या मेसेजशी आहे.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यात माणसं सरळ लुबाडली जातात. ‘कंपनी स्पॉन्सर्ड’ म्हणजे शिकवण्याचा खर्च आधी कंपनी उचलते, एवढंच. व्हिसाशी त्याचा काडीचा संबंध नाही. उलट २१ ऑगस्ट २०२५ रोजी परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी ट्रकचालकांना कामगार व्हिसा देणं तत्काळ थांबवत असल्याचं जाहीर केलं. इथे एच-वन-बी व्हिसावर नोकरी करणाऱ्यालाही ‘शनिवार-रविवार ट्रक मारतो’ म्हणता येत नाही. तेव्हा गावाकडच्या पोराकडे कोणी ‘फाइल लावायचे’ पैसे मागत असेल, तर ते बुडाले असं समजा. इंग्रजी पाट्या वाचता येणं, अधिकाऱ्याशी बोलता येणं ही अटही जुनीच आहे. २५ जून २०२५पासून मात्र त्यात कमी पडलेल्या ड्रायव्हरला तिथल्या तिथे गाडी थांबवायला लावतात.

आता ‘फुकट’. पहिल्या दिवशी आम्हाला ट्रक दिसलाच नाही. मोटेलच्या तळमजल्यावरच्या एका खोलीत आम्ही बाराजण बसलो होतो, समोर कॉफी आणि कागदांचा गठ्ठा. ऑफिसातल्या बाई पानं उलटत बोट ठेवायच्या आणि आम्ही सही करायचो. सहाव्या पानावर शाळेची फी छापलेली होती, काही हजार डॉलर. खाली बारीक अक्षरात: वर्षभर नोकरी केलीत तर माफ, नाहीतर वसूल. याला आपल्याकडे उचल म्हणतात. मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला गेलेल्या माणसाला यातलं एक अक्षरही समजावून सांगावं लागणार नाही.

गरज असेल तर उचल घ्यावी, मी घेतलीच की. पण फिटते कशी ते आधी विचारावं. दर महिन्याला रक्कम कमी होते, की अकराव्या महिन्यात सोडलं तरी सगळीच देणं? कंपनीनेच काढलं तर? मेडिकलमध्ये अडकलात तर? मुदत वर्षात मोजतात की मैलात? मैलात असेल तर सांभाळून, कारण माल देणं कंपनीच्या हातात असतं आणि माल कमी मिळाला की तुमचं ‘वर्ष’ पंधरा महिन्यांचं होतं. शिवाय मोटेल, बसचं तिकीट, मेडिकल आणि ड्रग टेस्ट यांतलं काय पहिल्या पगारातून कापणार तेही विचारा. माझ्या करारात रक्कम शेवटच्या दिवसापर्यंत जशीच्या तशी होती. आमच्या बॅचमधला एकजण वडील आजारी म्हणून दहाव्या महिन्यात घरी गेला, तर पुढे कितीतरी दिवस वसुलीवाल्यांचे फोन त्याचा पिच्छा सोडत नव्हते.

‘नाही जमलं तर सोडून द्या’चं उत्तर यातच आलं. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२६पासून होणाऱ्या अशा ‘थांबा नाहीतर भरा’ करारांवर कडक निर्बंध आणले आहेत, पण ते त्या राज्यापुरते. आणि भांडायचं ठरवलंत तरी कोर्टाची पायरी चढू देतील याची खात्री नाही, कारण बऱ्याच करारांत लवादाचं कलम असतं, म्हणजे भांडण कोर्टाऐवजी खासगी पंचापुढे सोडवायचं. डॉमिनिक ऑलिव्हेरा या ड्रायव्हरने किमान वेतन मिळालं नाही म्हणून २०१५मध्ये न्यू प्राइम या ट्रक कंपनीवर दावा लावला. तो तिथेच शिकाऊ म्हणून लागला होता. कंपनी म्हणाली, सही लवादाच्या कलमावर आहे, कोर्टात येताच येत नाही. १५ जानेवारी २०१९ रोजी सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध ० मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला: १९२५च्या लवाद कायद्याचा आधार घेऊन वाहतूक कामगाराला लवादाकडे ढकलता येत नाही, मग कागदावर त्याला ‘स्वतंत्र कंत्राटदार’ म्हटलेलं असलं तरी. निकाल चांगलाच आहे. पण दावा ऐकायचा कुठे, हे ठरायलाच जवळपास चार वर्षं गेली.

‘सगळ्या सरकारमान्य, म्हणजे सारख्याच.’ हा मुद्दा ऐकायला सर्वांत पटणारा आणि म्हणूनच घातक. ७ फेब्रुवारी २०२२पासून नव्या ड्रायव्हरला केंद्राच्या नोंदवहीतल्या शाळेतच शिकावं लागतं, हे खरं. पण त्या नोंदवहीत शाळा आपण नियम पाळतो असं स्वतःच लिहून देते. काय शिकवायचं याची यादी नियमात आहे, लेखी भागात ८० टक्के मिळवावे लागतात, पण स्टिअरिंगवर किती तास बसवायचं याचा किमान आकडाच नाही. प्रशिक्षकाला तुम्ही तयार वाटलात की झालं.

त्यामुळे एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा: एका ट्रकमागे विद्यार्थी किती? आम्ही चौघे होतो. आठ तासांच्या दिवसात माझ्या वाट्याला जेमतेम दीड तास यायचा, बाकी वेळ उन्हात शंकूंशेजारी उभं राहून दुसऱ्याच्या चुका बघायच्या. त्यातही शिकायला मिळतं म्हणा, पण रिव्हर्स बघून येत नाही. ट्रेलरचं शेपूट उजवीकडे न्यायचं तर चाक डावीकडे फिरवावं लागतं, हे डोक्याला पाच मिनिटांत कळतं. हातांना कळायला मला नऊ दिवस लागले. आरशात ट्रेलरची कड दिसायला लागली की हात आपोआप जास्त फिरतो, आणि बघता बघता ५३ फुटी ट्रेलर केबिनशी काटकोन करून उभा. प्रत्येक वेळी पुढे घेऊन सरळ करायचा आणि पुन्हा सुरुवात. तोवर पुढचा विद्यार्थी घड्याळ दाखवत असतो.

आणखी एक बारीकशी गोष्ट. ऑटोमॅटिक ट्रकवर परीक्षा दिलीत तर लायसन्सवर मॅन्युअलची बंदी छापून येते. पुढे ती काढायची तर परत परीक्षा.

‘तीन आठवड्यांत ड्रायव्हर’ म्हणणाऱ्याने लायसन्स आणि ड्रायव्हर यांत गल्लत केली आहे. लर्नर परमिट १४ दिवस हातात असल्याशिवाय गाडीवरची परीक्षाच देता येत नाही, तेव्हा तीन-चार आठवड्यांत लायसन्स येतं हे मान्य. खरी शाळा त्यानंतर, ट्रेनरच्या ट्रकमध्ये, आणि ती काही आठवडे चालते. तिच्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. नियमाने एका ड्रायव्हरला १४ तासांच्या पट्ट्यात ११ तासच चालवता येतं. ट्रकमध्ये दोघे लायसन्सवाले असले की हाच ट्रक जवळजवळ अखंड पळतो. म्हणजे पोरगं आठवडाभरात रात्री एकटं चालवतंय आणि ट्रेनर मागच्या बंकवर घोरतोय, असंही होतं. शाळेतल्या प्रशिक्षकाला दोन वर्षांचा अनुभव लागतो. लायसन्सनंतरच्या या ट्रेनरला तो नियम लागू नाही. कंपन्यांनी आपापले नियम केलेत, आणि काही ठिकाणी कालचं पोर आजच्या पोराला शिकवतं. ट्रेनर शेजारच्या सीटवर किती दिवस जागा बसणार, हे तोंडी न घेता लिहून मागा.

लाख डॉलरचं फार ताणत नाही. कामगार सांख्यिकी विभागाच्या मे २०२४च्या आकड्यांनुसार अवजड ट्रकचालकांचा मध्यक पगार वर्षाला ५७,४४० डॉलर होता, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, आणि त्यात वीस-वीस वर्षं चालवणारेही आले. नव्याला बहुधा मैलावर पैसे मिळतात. गोदामाच्या दारात चार तास उभे राहिलात तर चाक फिरलेलं नसतं. आंतरराज्य ड्रायव्हरला ओव्हरटाइमही केंद्राच्या कायद्याने मिळत नाही.

मग जावं की नाही? थोडे पैसे असतील तर कम्युनिटी कॉलेज बघा. नोकरी गेलेल्यांना २०१४च्या रोजगार कायद्यातून फीसाठी अनुदान मिळू शकतं, त्याची चौकशी जवळच्या सरकारी रोजगार केंद्रात होते. यातलं काहीच जमत नसेल तर कंपनीची शाळा हा सरळ मार्ग आहे, फक्त निवड शाळेची करू नका, कंपनीची करा. शाळा महिनाभराची; कंपनीत निदान वर्ष काढायचंय.

माझा एक भाचा, ग्रीन कार्डवाला, याच मेसेजमुळे माझ्याकडे आला होता. त्याला म्हटलं, ज्या दोन कंपन्यांशी बोलतोयस त्यांच्या रिक्रूटरना, म्हणजे भरती करणाऱ्यांना, कराराची प्रत ईमेलने पाठवायला सांग. एकाची त्याच संध्याकाळी आली. दुसरा म्हणाला, इथे आलात की पहिल्या दिवशी मिळेलच. पहिल्याचा करार आम्ही मामा-भाच्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेन घेऊन वाचला. रक्कम दर महिन्याला बाराव्या हिश्श्याने उतरत होती. दुसरा अजून दर आठवड्याला त्याला फोन करतोय, प्रत मात्र आलेली नाही.