'कोकणचो झील' यांना उत्तर, जरा लांबलंय

झीलराव (खरं नाव तुम्ही दिलेलं नाही, म्हणून हेच), विजेच्या खांबांवर परवानगीशिवाय लटकणाऱ्या केबल-नेटच्या वायरींवर मी लिहिलं, त्याखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं की 2022 पासून खांबामागे शंभर रुपये भरले की झालं, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला पुरतो, गावात नेट आलेलं मला बघवत नाही, आणि "मुंबईत पंख्याखाली बसून कायदा शिकवणाऱ्या रिकामटेकड्यांनी आधी खांबावर चढून दाखवावं."

शंभरचा आकडा बरोबर आहे, लेखात टाकायला हवा होता, घ्या. राइट ऑफ वेच्या (म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून, खांबावरून टेलिकॉमची वायर न्यायच्या हक्काच्या) 2016 च्या नियमांत ऑगस्ट 2022 मध्ये दुरुस्ती झाली त्यात तो आला, वर्षाला खांबी शंभर. पण ती सोय लायसन्सवाल्या टेलिकॉम कंपनीला, तीही रीतसर अर्ज करून, शंभरची नोट खांबाला चिकटवली की झालं असं नाही. आणि आता 2023 च्या टेलिकॉम कायद्याखाली 1 जानेवारी 2025 पासून नवे नियम लागू आहेत, ते वाचा. पंचायतीचं म्हणाल तर खांब महावितरणचा, दुसऱ्याच्या माडावर चढायला सरपंचाची सही चालते का? नेट बघवत नाही वगैरेला उत्तर देत नाही, हे नेटवरच टाईप करतोय.

पण ते खांबावर चढायचं जे लिहिलंत ना, ते लागलं. अहो, आमचे अण्णा बोर्डात, म्हणजे वीज मंडळात, वायरमन होते (2005 ला बोर्ड मोडून महावितरण झालं तरी आमच्या दापोलीकडे अजून बोर्डच म्हणतात). पावसात रात्री-अपरात्री लाईन गेली की झोपेतून उठून कोण जायचं? आणि त्यांची कायमची तक्रार एकच, पोलवर आपल्या तारा कुठल्या ते पाठ असतं, मधल्या त्या उपऱ्या वायरी कुठून आल्या नि कुठे गेल्या ते कुणालाच माहीत नसतं. डीपीवरून (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरून) शटडाऊन घ्यायचा, खात्री करून चढायचं, आणि केबलची वायर येणार पलीकडच्या डीपीच्या लाईनीतून, मधे कुठेतरी बूस्टरला (केबलचा सिग्नल वाढवणाऱ्या डब्याला) चोरून करंट दिलेला. आता लगेच म्हणाल फायबरमधून करंट जात नाही, नाही जात, पण त्याला ताणून धरणारी लोखंडी तार असते तिच्यातून जातो की! वीज आणि टेलिफोनची तार एकाच खांबावर न्यायची तर काय काळजी घ्यायची याचे केंद्राच्या सुरक्षा नियमांत वेगळे नियम आहेत ते उगाच नाहीत. परवानगीचा कागद हवा तो यासाठी, चढणाऱ्याला वर काय आहे ते कळावं म्हणून.

निसर्ग वादळ 3 जून 2020 ला आलं तेव्हा मी गावातच होतो, मुंबईत नव्हतो. बाहेरच्या जिल्ह्यांतून पोरं येऊन चिखलात खांब उभे करत होती, आणि आमच्या वाडीत लाईट यायच्या आधी नव्या खांबावर केबलची वायर चढलेली होती. कोणाची ते लिहीत नाही. विचारलं तर म्हणे "वरून परवानगी आहे." वरून म्हणजे कुठून ते अजून कळलेलं नाही. आज तीच वायर झोळ पडून एस्टीच्या टपाला घासते, आणि लघुदाबाची (घरोघरी वीज देणारी) लाईन रस्ता ओलांडताना 5.8 मीटर वर पाहिजे असा नियम आहे, तो बिचारे बोर्डवाले पाळतात.

आणि हो, फुकट वापरलं तर बोर्डाचं काय बिघडतं असंही मधे कुठेतरी लिहिलंय तुम्ही. वीज कायदा 2003, कलम 51. वितरण कंपनीने आपल्या मालमत्तेवर दुसरा धंदा केला तर वीज नियामक आयोगाला आधी कळवायचं, हिशोब वेगळा ठेवायचा आणि उत्पन्नातला हिस्सा वहन आकार (तारांवरून वीज आणून देण्याचे पैसे) कमी करायला वापरायचा. वहन आकार तुमच्या बिलावरही असतो, बघा कधीतरी. तेव्हा फुकट कोणाच्या जिवावर चाललंय?

तुमचा स्वतःचा केबलचा धंदा आहे की काय अशी शंका येते, असला तरी हरकत नाही. महावितरणच्या परवानगीचं पत्र असेल तर फोटो टाका, नाव झाकून लेखात लावतो. आणि पुन्हा 'रिकामटेकडे' लिहिलंत तर कमेंट उडवीन, आधीच सांगून ठेवतो.