दोरी जिथं पडेल तिथंच

आमच्या शेजारच्या शिवारात मागे सोयाबीनचा पीक कापणी प्रयोग होता, म्हणजे दोरीनं आखलेल्या तुकड्यातलं पीक कापून, मोजून सगळ्या मंडळाचं उत्पन्न काढायचं. गट नंबर आधीच रँडम, म्हणजे कुणी न निवडता चिठ्ठी काढल्यासारखा निघालेला, नैऋत्य कोपऱ्यापासून लांबीकडं इतकी पावलं, रुंदीकडं इतकी पावलं, हे आकडेही कागदावर ठरलेले. पावलं मोजत गेले तर जागा आली नेमकी कंबरेएवढ्या, शेंगांनी भरलेल्या सोयाबीनमधे. आणि खाली ओढ्याच्या अंगाला पाणी साचून सगळं पिवळं पडलेलं. लोक म्हणाले, "साहेब, तिकडं घ्या की, तिथं खरं नुकसान आहे." आणि दोरी तिकडं गेली.

मला तेव्हाही ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. लोकांचं नुकसान खोटं नव्हतं हो, ओढ्याकाठच्यांच्या हाती खरंच काही लागलं नाही. पण दहा बाय पाच मीटर म्हणजे जेमतेम अर्धा गुंठा, अशा मोजक्या तुकड्यांवरून अख्ख्या मंडळाचं उत्पन्न ठरतं, ते का चालतं? तर तो तुकडा कुणी निवडलेला नसतो म्हणून. दोरी सरकवली की तो नमुना शिवाराचा राहत नाही, दोरी धरणाऱ्याच्या मताचा होतो. आज दयेपोटी वाईट जागेकडं सरकली, उद्या दुसरा कुणी रस्त्याकडेचं, जीपमधून उतरलं की लगेच सापडणारं चांगलं रान धरेल, मग त्याला कोणत्या तोंडानं अडवणार?

नजरअंदाज पैसेवारीचं दुखणं तरी दुसरं काय आहे. आधी आणेवारी म्हणायचे, सोळा आण्याचं पीक का आठ आण्याचं ते बघून ठरवायचं. पाहणारा कितीही जाणता असू दे, तो कुठं उभा राहून बघतो यावर सगळं आलं.

हे ज्यांनी मोजून दाखवलं ते आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे. 1940 नंतर कृषी संशोधन परिषदेत त्यांनी रँडम पद्धतीनं कापणी प्रयोग बसवले, आणि तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून येतं हेही दाखवलं, कारण कडेवरची रोपं आत का बाहेर असा प्रश्न आला की माणसाचा हात ती आत ओढतो. यात लबाडी नाही, हात तसाच चालतो. म्हणून तर हातावर सोडायचं नाही.

अमेरिकेत 1948 ला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत हेच झालं. लोकांना विचारून निकालाचा अंदाज सांगणारे गॅलप, रोपर, क्रॉसली तिघंही डेवी जिंकणार म्हणाले आणि आले ट्रूमन. बाया किती, पुरुष किती, कोणत्या वयाचे किती असा कोटा ठरलेला, पण दार कुणाचं वाजवायचं ते विचारणाऱ्याच्या मर्जीवर. सोयीची घरं गाठली गेली आणि डेवीची माणसं जास्त सापडली.

बिनरँडम सॅम्पल कायमच टाकाऊ असं मी म्हणत नाही. घरकाम करणाऱ्या बायकांची यादीच नसते, तिथं एकीकडून दुसरीकडं, दुसरीकडून तिसरीकडं असंच जावं लागतं, आणि त्यातून त्यांचं जगणं नीट कळतं. फक्त त्यावरून शहरातल्या इतक्या टक्के बायका अशा, असं लिहू नये.

ओढ्याकाठच्यांना न्याय द्यायचा तर प्रयोग वाढवा, साचलेल्या पाण्याचा पंचनामा वेगळा करा, मी त्यांच्या बाजूनं बोलायला येतो. पण यंदा तुमच्या गावात कापणी असेल तर जरूर जा, कागदावरचे आकडे मागून बघा आणि पावलं मोजताना सोबत चाला.