सशावरचा पांढरा थर आणि बॅजरचं काळं पोट: दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. टेबलावर खेळायच्या युद्धखेळातल्या सात छोट्या आकृत्यांची टोळी तुम्ही आमच्याकडे रंगवायला दिली होतीत: एक बॅजर (बिळात राहणारं, पट्टेरी तोंडाचं जनावर), एक कोल्हा, एक ससा, तीन उंदीर आणि भालेवाला बेडूक. तुमचं म्हणणं असं की माल पाच आठवडे उशिरा आला, ससा आणि कोल्ह्याच्या अंगावर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर आहे, बॅजरचं पोट काळंच सोडलंय, दोन डावांतच कोल्ह्याच्या तलवारीच्या टोकाचा रंग गेला, आणि फोन केल्यावर आमच्याकडून "पावसात असंच होतं" एवढंच ऐकायला मिळालं. शेवटी लिहिलंत, की गणपती रंगवणाऱ्यांना हे काम जमणारं नाही.

आधी फोनचं सांगते. ते उत्तर माझ्या भाच्याने दिलं आणि ते चुकीचं होतं. त्याबद्दल मनापासून माफी मागते. वेंगुर्ल्यात पाऊस दरवर्षी येतो, आणि आमची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना, वडिलांच्या काळापासून त्याच पावसात चालते. ओल सांभाळून काम करणं ही आमची जबाबदारी आहे, ती गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालायची नसते.

पांढरा थर ही पूर्णपणे आमची चूक. मॅट, म्हणजे बिनचकाकीचं, वार्निश आम्ही स्प्रेच्या डब्याने मारलं. स्प्रेमधला थिनर भराभर उडतो, उडताना अंग गार करतो, आणि हवा दमट असली की त्या गार अंगावर बाष्प धरतं. वार्निश सुकायच्या आत ते त्यात अडकलं की थर धुरकट होतो. फिक्या रंगावर हे फारसं दिसत नाही, म्हणून तुमचे उंदीर बचावले. सशाची तपकिरी पाठ आणि कोल्ह्याचे काळे पाय यांवर मात्र ते लगेच उठून दिसतं. त्या दिवशी दुपारभर कोसळून पाऊस नुकताच थांबला होता, आणि उशीर झालाय म्हणून मी घाई केली. बल्बखाली ओलं वार्निश नितळ दिसत होतं. सकाळी भाच्याने बॉक्स भरला. दिवसाच्या उजेडात मी एकदा बघितलं असतं तर तो माल दाराबाहेर गेला नसता.

या गोष्टीचं मला जास्त वाईट वाटलं, कारण त्या सशाचे कान मी स्वतः केलेत. रानसशाच्या कानाची टोकं काळी असतात. २८ मिलिमीटर मापाच्या कामात ते टोक मोहरीच्या दाण्याहून लहान. शून्य नंबरच्या ब्रशने पातळ रंगाचे तीन हात दिले, प्रत्येक हात सुकू देऊन. तेच आज धुक्यात गेलंय.

बॅजरच्या पोटाबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. बहुतेक जनावरांची पाठ गडद आणि पोट फिकं असतं. आपण रंगवतोही तसंच. युरोपातला बॅजर याच्या उलट असतो: पाठ राखाडी, पोट आणि पाय काळे, पांढऱ्या तोंडावर डोळ्यांवरून कानांपर्यंत जाणारे दोन काळे पट्टे. वडील म्हणायचे, "दिसता ता रंगव, वाटता ता नको." ते पोट तसंच सोडलेलं नाही. अस्तरावर निळसर काळा दिला, ब्रश कापडावर जवळजवळ कोरडा पुसून गडद राखाडीने केसांच्या उंचवट्यांवरून हलकेच फिरवला. खिडकीपाशी नेऊन तिरकं धरलंत तर लव दिसेल. पण हे मी तुम्हाला आधी कळवायला हवं होतं, फोटो पाठवून विचारायला हवं होतं. ते केलं नाही, तेवढी चूक माझी.

तलवार धातूची आहे. टोकाला रंग जाड बसतच नाही, आणि बोट नेमकं तिथेच लागतं. टोकावर ग्लॉस, म्हणजे चकाकीच्या, वार्निशचे दोन हात देऊन देईन, त्याने पुष्कळ टिकेल. पुन्हा कधीच उडणार नाही असं मी सांगणार नाही. डावात आकृती तळाच्या चकतीला धरून उचलत जा.

आता गणपतीवाल्यांबद्दल. तुमच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. गणपती माणूस चार हातांवरून बघतो, ही आकृती वीतभर अंतरावरून. मूर्तीला चकाकी लागते, जनावराच्या लवेला ती मारते. हा फरक शिकायला मला दोन वर्षं लागली. पण डोळ्यांची आखणी मी गणपतीवरच शिकले, आणि तुमच्या उंदरांच्या नजरेत राग दिसतो तो त्याच हातामुळे. जनावरांच्या तोंडाचे वीर तर आपल्या मुलखाला नवे नाहीतच. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाच्या, म्हणजे खेळायच्या गोल पत्त्यांच्या, १२० पानांत मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह वर्षानुवर्षं हाताने रंगवले जातायत. हे काम आपल्या माणसांना जमत नाही असं कोणी म्हटलं की लागतं, म्हणून लिहिलं.

उशिराला कारण एकच. मे महिन्यात हो म्हणाले, तेव्हा पुढे गणपतीची गर्दी आहे हे मला माहीत होतं. शंभर जणांच्या सैन्यात एखादा घाईत रंगवलेला खपून जातो. सात जणांच्या टोळीत प्रत्येकाला नाव असतं, तो पुढच्या डावातही तोच असतो, त्याच्याकडे खेळणारा पुन्हा पुन्हा बघतो. असं काम गर्दीच्या दिवसांत घ्यायलाच नको होतं. मजुरीचा चौथा हिस्सा आज तुमच्या खात्यावर परत केलाय.

यापुढे जून ते सप्टेंबर आमच्याकडे स्प्रेचं वार्निश बंद. पाण्यात कालवायचं वार्निश ब्रशने लावणार, आणि भिंतीवर हवेतली ओल मोजणारा हायग्रोमीटर टांगलाय. नवी कामं चतुर्थीनंतरच घेणार, आणि प्रत्येक आकृतीचा दिवसाच्या उजेडातला फोटो गिऱ्हाइकाने बघितल्याशिवाय बॉक्स बंद होणार नाही.

ससा आणि कोल्हा पाठवा. जाता-येता कुरिअर आमच्याकडे. धुरकट थरावर ग्लॉसचा एक पातळ हात दिला की बहुतेक वेळा खालचा रंग परत दिसतो, मग त्यावर पुन्हा मॅट. तेवढ्यानेही गेलं नाही तर दोन्हींचा रंग काढून पहिल्यापासून रंगवीन. कापसात गुंडाळू नका, तंतू भाल्या-तलवारींना चिकटतात. जुना मऊ सुती कपडा चालेल. बॅजर तूर्त तुमच्याकडेच राहू द्या, एकदा खिडकीपाशी बघा. तरीही पोट फिकंच हवं असेल तर त्यालाही पाठवा, तुमच्या मनासारखं करून देईन.