गळतीप्रवाह मोजणे हा वायफळ खर्च नाही

विद्युत ठेकेदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा, की डेटा सेंटरच्या अर्थिंगचा (जमिनीशी केलेल्या जोडणीचा) रोध एक ओहमच्या आत असेल आणि एमसीबी (प्रवाह फार वाढला की पुरवठा तोडणारे स्विच) योग्य क्षमतेच्या असतील, तर गळतीप्रवाहावर, म्हणजे ठरलेली वाट सोडून अर्थकडे जाणाऱ्या प्रवाहावर, सतत लक्ष ठेवणारी यंत्रणा हा वायफळ खर्च आहे. संदेश पुढे म्हणतो, सर्व्हरमधून थोडी गळती होतच असते, म्हणून त्या आकड्याला महत्त्व नाही. आणि गळती पकडणारे उपकरण बसवले की सर्व्हर बंद पडतात. ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरची कामे करणाऱ्या वायरमन मंडळींनी हे खरे धरले तर धोका त्यांच्याच जिवाला आहे, म्हणून हे उत्तर.

अर्थपिटचा (अर्थिंगसाठी जमिनीत केलेल्या खड्ड्याचा) रोध एक ओहम आला, तर त्या खड्ड्याचा जमिनीशी संपर्क चांगला आहे एवढेच कळते. केबलचे इन्सुलेशन शाबूत आहे का, सर्व्हरच्या रॅकपर्यंत आलेली अर्थची तार अखंड आहे का, न्यूट्रल आणि अर्थ एकाच ठिकाणी जोडलेले आहेत का, यांतले काहीही त्यावरून कळत नाही. यांतली शेवटची चूक मला सर्वांत चिंतेची वाटते. नवे पॅनेल जोडताना कोणी तिथेही न्यूट्रल-अर्थ लिंक टाकली, तर न्यूट्रलमधून परतायच्या प्रवाहाचा काही भाग अर्थच्या तारेतून, केबल ट्रेमधून, डेटा केबलच्या शील्डमधून, अगदी गार पाण्याच्या पाइपमधूनही वाट काढतो. एकही एमसीबी पडत नाही, सगळे सर्व्हर चालू राहतात आणि अर्थपिटचे मोजमाप पूर्वीइतकेच चांगले येते. मुख्य पॅनेलमधल्या मूळ लिंकवर सीटी (तारेभोवती बसवून प्रवाह मोजणारे कडे) बसवलेला असेल, तर मात्र तिथला आकडा त्याच दिवशी कित्येक पट वाढलेला दिसतो.

एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किट यांसाठी असते. ट्रेच्या धारदार कडेला घासलेल्या केबलमधून २ अँपिअर प्रवाह अर्थकडे जात असेल, तर ३२ अँपिअरच्या एमसीबीला तो जाणवतच नाही; पण २३० व्होल्टला त्या टिचभर जागेत सुमारे ४६० वॅट उष्णता तयार होत राहते. आगीची सुरुवात अशाच जागी होते.

गळती असतेच, हे खरे आहे. पॉवर सप्लायच्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि अर्थ यांच्यामध्ये जोडलेले असतात, आणि ४.७ नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर ५० हर्ट्झला साधारण ०.३४ मिलिअँपिअर प्रवाह अर्थकडे सोडतो. परंतु म्हणूनच प्रत्येक फीडरचा (पॅनेलमधून पुढे वीज नेणाऱ्या केबलचा) नेहमीचा गळतीचा आकडा माहीत असावा लागतो, कारण महत्त्व असते ते त्यातल्या बदलाला. तो हळूहळू चढत गेला तर ओल किंवा खराब होत चाललेले इन्सुलेशन शोधावे. तो अचानक खाली आला तरी निर्धास्त होऊ नये. समजा, एका सिंगल फेज पीडीयूवर (रॅकमधल्या सर्व्हरना वीज वाटणाऱ्या पट्टीवर) २४ पॉवर सप्लाय आहेत आणि प्रत्येकाची गळती १.५ मिलिअँपिअर आहे. पीडीयूची अर्थ तार तुटली आणि रॅकला अर्थशी दुसरी जोडणी (बाँडिंग) नसेल, तर गळतीला परतीची वाट उरत नाही, सीटीचा आकडा घसरतो आणि रॅकला हात लावणाऱ्या माणसाच्या अंगातून ३६ मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह जाऊ शकतो. साधारण १० मिलिअँपिअरला पकडलेली वस्तू सोडवत नाही. ३० च्या पुढे हृदयाला धोका सुरू होतो.

सर्व्हर बंद पडण्याची भीती आरसीसीबीच्या (गळती दिसताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचच्या) बाबतीत रास्त आहे, कारण ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकते. पण देखरेखीचे उपकरण पुरवठा तोडत नाही, ते फक्त इशारा देते. उलट, मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे उपकरण) लावायला पुरवठा बंद करावा लागतो आणि चालू डेटा सेंटरमध्ये तशी संधी क्वचितच मिळते. साफसफाईच्या यंत्रांसाठी असलेल्या सॉकेटना मात्र आरसीसीबी हवीच. तिथे नुसता इशारा पुरत नाही.

यंत्रणा बसवणाऱ्यांनी एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी तपासावी. सीटीच्या कड्यातून तिन्ही फेज आणि न्यूट्रल गेले पाहिजेत, अर्थची तार बाहेर राहिली पाहिजे. तीही आत ओवली गेली, तर तिच्यातून परतणारी गळती स्वतःलाच खोडते आणि पडद्यावर कायम शून्याजवळचा आकडा दिसत राहतो.