हळद-अश्वगंधाने मज्जारज्जू जोडला जातो म्हणे!

परत तोच मेसेज फिरतोय, हळद मिरी आणि अश्वगंधा दुधातून 90 दिवस घ्या, मणक्याला मार लागून गेलेले पाय चालायला लागतात, नसा नव्याने उगवतात, संशोधनाने सिद्ध झालंय पण डॉक्टर लपवतात.

"नसा उगवतात." हाताची नस तुटली तर उगवते खरी, दिवसाला साधारण एक मिलीमीटर. मज्जारज्जूत, म्हणजे मणक्यातून जाणाऱ्या नसांच्या जाड दोरात, तसं होत नाही, तिथल्या मायलिनमध्येच (नसांवरचं चरबीचं आवरण) नोगोसारखी प्रोटीन्स असतात जी वाढ अडवतात, शिवाय जखमेभोवती व्रण धरतो. आणि "आमच्या काकांना फरक पडला" म्हणणाऱ्यांना नीट विचारा, स्लिप डिस्कची केस निघेल, गादी सरकून नस दबलेली, ती बऱ्याच जणांची आपोआप बरी होते, दूध प्या नाहीतर नका पिऊ.

"सिद्ध झालंय." उंदरांत, हो. जपानच्या तोयामा विद्यापीठात अश्वगंधातल्या विथॅनोसाइड-4 ने मज्जारज्जूला इजा केलेल्या उंदरांचे मागचे पाय सुधारले, पेपर 2007 चा. पण ते वेगळं काढलेलं शुद्ध कंपाउंड, चमचाभर चूर्ण नव्हे. हळदीतला ज्याचा गवगवा आहे तो घटक कर्क्युमिन, तो जेमतेम तीनेक टक्के आणि तेही रक्तात पोचतं नावापुरतं. मिरीने शोषण वाढतं हे बरोबर, 1998 मध्ये बेंगळुरूच्या संशोधकांनीच दाखवलं, पण रक्तात वाढलं म्हणून मज्जारज्जूत नस वाढली असं कुठे झालं?

"नैसर्गिक औषधांना चान्सच देत नाहीत." अहो दिला की! जीएम-1 गँग्लिओसाइड, नसांच्या पेशींत असणारा चरबीसारखा पदार्थ, गायीच्या मेंदूतून काढलेला. 1991 मध्ये मज्जारज्जूला इजा झालेल्या जेमतेम 34 पेशंटवर रिझल्ट इतका भारी आला की सगळे खूश, मग साडेसातशेहून जास्त पेशंटवर मोठी ट्रायल केली, 2001 मध्ये निकाल आला आणि सहा महिन्यांनंतरच्या मुख्य मोजमापात प्लासिबोपेक्षा (औषध नसलेला नुसता दिखाऊ डोस) ठोस फरक नाही. लपवलं कुठे, छापलंय सगळं.

"90 दिवसांत फरक." इजा अर्धवट असेल तर पहिल्या काही महिन्यांत सुधारणा तशीही होते, म्हणून तर हा आकडा निवडलाय (हुशार आहेत लेकाचे). नेमके तेच महिने फिजिओथेरपीचे, बेडसोर आणि लघवीचं इन्फेक्शन सांभाळायचे, आणि पैसे जातात चूर्णाच्या डब्यांत.

"साइड इफेक्ट शून्य." कर्क्युमिन-मिरीच्या कॅप्सूल आणि अश्वगंधा, दोन्हींनी लिव्हरला त्रास झालेल्या केसेस नोंदल्या गेल्यात. भाजीतल्या हळदीबद्दल बोलत नाहीये मी. पण अशा पेशंटना गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायचं औषध बरेचदा चालू असतं, त्यात कर्क्युमिनच्या मोठ्या डोसने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, तेव्हा डबा उघडायच्या आधी डिस्चार्ज कार्ड डॉक्टरांना दाखवा.